पदकाआधी चाल पाहा

हिवाळ्यात ठिकठिकाणी डॉग शो भरतात. तुमच्यापैकी कुणी आपला कुत्रा रिंगमध्ये उतरवणार असेल, कुणी विजेत्याचं पिल्लू घ्यायच्या विचारात असेल. केसांची चमक आणि उभं राहण्याची ऐट नंतर पाहा. आधी कुत्रा चालवून पाहा. बैल घेताना आपण नुसती शिंगं पाहून पैसे मोजत नाही.

चाल पाहायची ती दुडकी. तीत पुढचा एक पाय आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय जोडीनं पडतात. कुठला पाय अंग चोरतोय, ते यात लवकर कळतं. परीक्षक म्हणूनच कुत्र्याला दुडकीवर फिरवायला सांगतात.

घरातल्या कुणाला तरी पट्टा धरायला सांगा. पट्टा सैल हवा. ताणून धरला की डोकं वर राहतं आणि दोष झाकला जातो. जागा कोरडी आणि सपाट असू द्या. गुळगुळीत फरशीवर धडधाकट कुत्राही घसरतो.

आधी मागून पाहा. मागचे घोटे आत वळून एकमेकांना घासतात का? मग समोरून पाहा. कोपरं बाहेर फेकली जातात का? वेग वाढला की पावलं मध्याकडे सरकतात, त्याची काळजी नको. शेवटी बाजूनं पाहा. पाठ स्थिर राहायला हवी, पाऊल मोकळं पडायला हवं.

पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो. मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारत असेल, तर खुब्याची तपासणी करून घ्या. पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा मध्येच एक मागचा पाय उचलून चालत असेल, तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. अशा वेळी शो राहू द्या, डॉक्टरांकडे जा.

त्याला दुखणं दाबणारी गोळी देऊन रिंगमध्ये नेऊ नका. आपल्या घरातली आयबुप्रोफेनसारखी गोळी तर कधीच नको. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरते.

आता अंगावर हात फिरवा. बरगड्या दाबाव्या न लागता बोटांना लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. लॅब्रॅडॉर गुबगुबीत असला की घरच्यांना कौतुक वाटतं, पण ते वजन सांध्यांवर पडतं. अमेरिकेत लॅब्रॅडॉरवर चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या केल्या होत्या. पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि सांध्यांची दुखणी त्यांना उशिरा लागली. शोसाठी अंगावर मांस चढवण्याचा सल्ला कुणी दिला, तर हे आठवा.

आपल्याकडचा कारवान मात्र वेगळा. तो शिकारीसाठी पळणारा, मुळातच सडपातळ. त्याच्या शेवटच्या दोन-चार बरगड्या दिसल्या म्हणून तो उपाशी ठरत नाही. त्याच्या मांड्या चाचपा, त्या घट्ट हव्यात. ही ताकद रोजच्या मोकळ्या धावण्यातून येते. वर्षाच्या आतल्या पिल्लाला मोटारसायकलमागे डांबरी रस्त्यावर पळवू नका. त्याची हाडं अजून वाढत असतात.

पदक मिळालं म्हणजे चाल निर्दोष, असं धरून चालू नका. इंग्लंडच्या क्रफ्ट्स शोमध्ये २०१६ साली जर्मन शेफर्ड जातीत पहिल्या आलेल्या कुत्रीची पाठ इतकी उतरती आणि चाल इतकी अवघडलेली होती की प्रेक्षकांनी मोठी ओरड केली. परीक्षकाचं मत ऐका, पण आपले डोळे उघडे ठेवा.

पिल्लू घ्यायला जाल, तेव्हा त्याची आई आणि जमल्यास बाप तुमच्यासमोर दुडकीवर चालवायला सांगा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर असेल तर आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर पैसे न देता परत या.