जनुकाची कात्री येईल तेव्हा येईल, रक्ताची तपासणी आज करा

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत सडक अर्जुनीकडच्या एका वस्तीत आमचे जाणे झाले. दहावीतला एक मुलगा मायसोबत बांधीत उतरला होता. दिवसभर गार पाण्यात उभा राहून त्याने पऱ्हे लावले आणि रात्री त्याचे हातपाय असे दुखू लागले की शेजारची घरे जागी झाली. कोणी म्हणाले वात आहे, कोणी झाडफूक करणाऱ्याचे नाव सांगितले. माय म्हणाली, "लहानपणापासून असाच होते जी याले. डाक्टर सुई देते, चार दिवस बरा रायते."

या मुलाला कितीतरी वर्षे रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. सिकलसेलची तपासणी मात्र कोणी केली नव्हती. ती आता झाली. मुलगा एसएस निघाला. मायही एएस, बापही एएस. लग्नाच्या वेळी दोघांनाही हे ठाऊक नव्हते.

पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की सिकलसेलवर भारताने स्वतःचा जनुकीय उपचार तयार केला, नाव 'बिरसा १०१'. त्या मायने आम्हाला विचारले, "हे इंजेक्शन गोंदियाले कधी येईल?" हा लेख तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेवढ्यावर न थांबता, उत्तर येईपर्यंत आपण काय करायचे, हेही आम्ही सांगणार आहोत.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या लाल रक्तपेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांत हिमोग्लोबिन असते, ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. हे हिमोग्लोबिन बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणातले एकच अक्षर बदलले की प्राणवायू कमी होताच पेशी वाकते आणि धान कापायच्या विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य वेदना होतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. थंडी, तहान, ताप, अतिश्रम यांनी त्रास भडकतो. रोवणीच्या बांधीत यातले बरेच काही एकदम भेटते.

हा आजार लागट नाही. कोणाच्या पापाचा नाही, बाहेरच्या बाधेचा नाही आणि जातीचाही नाही. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, भारत, जिथे जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, तिथे तिथे हे जनुक टिकले. कारण १९५४ साली अ‍ॅलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, म्हणजे जो एएस असतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे ज्या जनुकाची आज लाज वाटते, त्याने आपल्या जंगलपट्टीतल्या पूर्वजांना जगवले असणार. दोघांकडून मिळाले की मात्र तेच जनुक आजार होते. आणि लक्षात ठेवा, एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर तो फार धोक्याचा.

आता त्या कात्रीबद्दल. जिवाणू आपल्यावर चालून येणाऱ्या विषाणूंचे जनुक ओळखून कापतात. त्यांची ही युक्ती उचलून शास्त्रज्ञांनी 'क्रिस्पर' हे तंत्र बनवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंतिये आणि जेनिफर डाउडना या दोन स्त्रियांना मिळाले. हवे ते जनुक शोधायचे आणि नेमके तिथेच कापायचे, असे हे काम.

ही कात्री आपल्या धानापर्यंत आधीच आली आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित धानाची दोन वाणे जाहीर केली. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून 'कमला' काढले. त्यात लोंबीला दाणे जास्त येतात आणि पीक पंधरा-वीस दिवस आधी निघते, असे संस्थेचे म्हणणे आहे. दुसरे 'पुसा डीएसटी राईस १', ते एमटीयू १०१० पासून काढलेले, खारवट जमिनीत तग धरण्यासाठी. काही संघटनांनी या आकड्यांवर आक्षेप घेतले, कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. आपल्या भागातला शेतकरी अशा वेळी काय करतो? तो चार जणांना विचारतो, एका बांधीत लावून पाहतो, मग ठरवतो. बियाणे तपासल्याशिवाय तो पेरत नाही. हीच सवय आम्हाला रक्ताच्या बाबतीत हवी आहे.

माणसाच्या रक्तात ही कात्री अशी चालते. रुग्णाच्या मूळपेशी काढून घेतात आणि प्रयोगशाळेत त्यांचे जनुक संपादित करतात. तोवर रुग्णाच्या हाडांच्या मगजातल्या जुन्या पेशी जबर केमोथेरपीने नष्ट कराव्या लागतात, मग दुरुस्त पेशी परत सोडतात. 'कॅसजेव्ही' नावाच्या अशा उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यात बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनते, ते पुन्हा सुरू करतात. मान्यतेच्या वेळी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग एक वर्ष तीव्र वेदनेचा झटका आला नाही. हे यश लहान नाही. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक.

'बिरसा १०१' दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोम संस्थेने तयार केला आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिले. परदेशी उपचाराच्या मानाने तो खूपच स्वस्त पडावा, असा हेतू आहे. आम्हाला या शास्त्रज्ञांचा अभिमान आहे. पण त्या मायला आम्ही खरे तेच सांगितले. हे दंडात टोचायचे इंजेक्शन नव्हे. मोठे रुग्णालय, आठवडेच्या आठवडे मुक्काम, केमोथेरपी आणि पुढे वर्षानुवर्षे देखरेख, असा हा उपचार आहे. माणसांवरच्या चाचण्या पूर्ण होऊन तो सर्वसामान्यांच्या हाती यायला वेळ लागेल. तोवर कोणी "आमच्याकडे जीन थेरपी आहे" म्हणून पैसे मागितले, तर तो लुबाडतो आहे असे समजा.

मग आज आपल्या हातात काय आहे? तीन गोष्टी आहेत, तिन्ही स्वस्त आहेत. वस्त्यांमध्ये त्याच पोहोचत नाहीत, हे आमचे खरे दुखणे आहे.

पहिली, कागदाची पट्टी. गरोदरपणाची तपासणी करायची पट्टी आपल्या घरांत ओळखीची आहे. तशीच पट्टी सिकलसेलसाठी आहे. तिच्यातला कागद साधा नसतो. त्याला इतकी बारीक छिद्रे असतात की थेंब आपोआप वर चढत जातो, आणि त्यावर ठरावीक ठिकाणी सिकलचे हिमोग्लोबिन ओळखणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. बोटातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबावर काही मिनिटांत एए, एएस की एसएस हे दिसते. वीज नको, यंत्र नको. जुनी सोल्युबिलिटी तपासणी एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही आणि अगदी लहान बाळात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या तपासणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून पॅटर्न पक्का करून घ्यावाच लागतो. 'बिरसा' करणाऱ्या संस्थेनेच २०२० मध्ये कोरोनासाठी 'फेलुदा' ही कागदी पट्टी काढली होती. ती मंडळी आधी सिकलसेलवरच काम करत होती. म्हणजे पट्टी ही गरिबाची दुय्यम सोय नाही, तेही पहिल्या दर्जाचे विज्ञान आहे.

दुसरी, हायड्रॉक्सियुरिया. ही कॅप्सूलही पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वाढवते, कात्रीशिवाय. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्या विदर्भातल्याच मुलांवर अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवले की वजनाच्या दर किलोला रोज दहा मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे, ठरल्या वेळी रक्त तपासायचे आणि मूल होऊ द्यायचे असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नाही. त्यासोबत फोलिक अ‍ॅसिड, वेळेवर लसी, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणूक हवी. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय रुग्णाला देऊ नयेत. ताप आला, छातीत दुखून दम लागला, एकाएकी पांढरेफटकपणा आला, पोटाची डावी बाजू फुगली, किंवा हात-पाय-तोंड एका बाजूने लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

तिसरी, लग्नाआधीची तपासणी. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. एकजण एएस आणि दुसरा एए असेल तर एकही मूल एसएस होत नाही. एवढे साधे गणित आहे. आपण कुंडली आणि गुणमेलन केव्हाच टाकून दिले. ती जागा रक्ताच्या अहवालाने घ्यायला हरकत कोणाची असावी? वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, नोकरी, पगार सगळे लिहितो, तिथे तपासणी झाली की नाही ही एक ओळ यावी. पॅटर्न मात्र माईकवरून वाचायचा नाही, तो दोन्ही घरांनी आपसात सांगायचा.

इथे आपल्याच लोकांना आमचे एक कठोर बोलणे आहे. मुलगी एएस निघाली की स्थळ मोडते. मुलगा एएस निघाला की घर गप्प बसते. हा कुठला धम्म? एएस माणूस आजारी नसतो. शेती, नोकरी, संसार, बाळंतपण सगळे इतरांसारखेच करू शकतो. लपवून लावलेल्या लग्नाची किंमत मात्र जन्मणारे लेकरू भरते. आणि ज्यांचे लग्न झाले आहे, दोघेही एएस आहेत, त्यांनी घाबरू नये. दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना सांगावे, कारण पोटातल्या बाळाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तविकारांचे केंद्र आहे, तिथला सल्ला आपल्या डॉक्टरांमार्फत घेता येईल.

आता शासनाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य आहे. त्याचा रोख आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. देवरी-सालेकसातल्या गोंड, हलबा बांधवांच्या घरातले दुःख आणि आपले दुःख एकच आहे, त्यांच्या ताटातले आम्हाला काढून घ्यायचे नाही. पण विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध घरांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' साप्ताहिकात १९५८ सालीच आला. तेव्हापासून एकामागून एक तपासण्यांनी हेच सांगितले. आता सत्तर वर्षे होत आली. आजार जातीचा दाखला विचारून घरात शिरत नाही, मग तपासणीने तो का विचारावा? आमची मागणी सरळ आहे. बौद्ध वस्त्यांत घरोघरी पट्टीने तपासणी व्हावी. उपकेंद्रात पट्ट्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया बारमाही असावे. गोळीसाठी मजुरी पाडून नागपूर गाठायची पाळी येऊ नये.

मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांसाठी आयुष्य वेचले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आला आहे. एसटीच्या प्रवासात रुग्णाला सवलत आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, लाजू नका.

विहार समित्यांना एक विनंती. पौर्णिमेला वस्ती जमतेच. त्यातली एक पौर्णिमा रक्त तपासणीची ठेवा. आशाताईंशी बोला, आरोग्य केंद्राला पत्र द्या, पत्राची पोच घ्या. आधी समितीच्या पदाधिकाऱ्यांनी बोट पुढे करावे, मग तरुण-तरुणी आपोआप येतील.

त्या मुलाची कॅप्सूल सुरू आहे. तो पाण्याची बाटली घेऊन शाळेत जातो. यंदा रोवणीला त्याला बांधीत उतरवायचे नाही, असे मायने ठरवले आहे. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणीही झाली. ती एएस आहे, म्हणजे निरोगी आहे. मायने अहवाल जपून ठेवला आहे. म्हणाली, "लग्नाच्या वक्ती आधी हाच कागद दाखवीन."