चौरस फुटाच्या दरात लपलेली उधारी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक तरुण वर्क ऑर्डरचा कागद घेऊन माझ्याकडे आला. हिंजवडीतल्या एका ऑफिसचे जिप्सम पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग त्याने केले होते. काम संपून पाच महिने झाले, ऑफिस सुरूही झाले, पण त्याची शेवटची दोन बिले अडकलेली. हाताखालची सहा मुले मजुरीसाठी रोज दारात. तो म्हणाला, "ताई, मी काय चोर आहे का?"

तो चोर नाही. मग पैसे कुठे गेले, हे विचारायलाच हवे.

हल्ली आपल्या प्रत्येक व्यासपीठावरून एक उपदेश होतो : नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. ऐकायला छान वाटते. पण कोणत्या अटींवर, हे कोणी सांगत नाही. म्हणून आधी हिशोब मांडू.

समजा काम 10 लाखांचे आहे. बोर्ड, जीआय फ्रेम, स्क्रू, टेप, पुट्टी मिळून माल 6 लाखांचा. मजुरी आणि इतर खर्च 3 लाख. नफा 1 लाख. आता बिल 90 दिवस लांबले. मालाचे 6 लाख महिना 2 टक्क्यांनी उचललेले असतील, तर तीन महिन्यांचे व्याज 36 हजार. वरच्याने 5 टक्के रिटेन्शन कापले, 50 हजार. ते वर्षभराने, तेही 'दोष निघाला नाही तर'. 1 टक्का टीडीएस, 10 हजार. तो रिटर्न भरल्यावर. हातात उरले 4 हजार. यात जीएसटी धरलेला नाही. बिलावरचा 18 टक्के कर 1 लाख 80 हजार. मालावर भरलेले 1 लाख 8 हजार वजा केले तरी 72 हजार पुढच्या महिन्यात भरायचे. आपले पैसे आले की नाही, हे सरकार विचारत नाही.

म्हणजे हा पोरगा कंत्राटदार नाही, वरच्याचा बिनव्याजी सावकार आहे. फरक एवढाच की सावकाराकडे भांडवल असते आणि याच्याकडे आईचे डोरले गहाण आहे.

त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ होती : क्लायंटकडून पैसे आल्यानंतरच उपकंत्राटदाराला पैसे मिळतील. याला 'बॅक टू बॅक' म्हणतात. ज्या क्लायंटशी त्याचा करार नाही, ज्याचे तोंडही त्याने पाहिले नाही, त्याच्या बुडीत पैशाची जोखीम त्याच्या डोक्यावर. दुसरी गोष्ट उंचीची. नकाशात पार्टिशन 9 फूट. साइटवर सांगितले, आवाज पलीकडे जातो, स्लॅबपर्यंत घ्या, म्हणजे 12 फूट. 100 फूट लांबीला 900 चौरस फुटांचे 1200 झाले. आदेश तोंडी. बिल लावल्यावर उत्तर आले, 'हे ऑर्डरमध्ये नाही.'

काही शहाणे म्हणतात, "सही त्यानेच केली ना? दर त्यानेच भरला ना?" हो, केली. पण न करता दुसरे काय करणार होता? नाही म्हटले तर बाहेर त्याच्याहून दोन रुपये कमी घेणारा उभाच असतो. आणि ते दोन रुपये तो कुठून आणतो? बोर्डाचा भाव सगळ्यांना सारखाच. कमी होते ती मजुरी.

इथेच मला बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता आठवते. क्लायंट, मुख्य कंत्राटदार, इंटिरियरवाला, सीलिंगवाला, मजूर. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून कोणी वरच्याविरुद्ध उभा राहत नाही. आपला तोटा खाली ढकलतो. आमच्या या भावानेही सहा मुलांची मजुरी अडकवली. त्याची बाजू घेताना हे मी लपवणार नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवरचा मजूर तोटा कोणाकडे ढकलणार?

कायदा नाही का? आहे. 2006 चा एमएसएमई विकास कायदा सांगतो की सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्या. पण माल आणि मजुरी एकत्र असलेला 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' या कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक प्रकरणांत म्हटले आहे. पार्टिशनचे काम नेमके तसेच असते. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तोच दाराबाहेर! ब्रिटनने 1996 च्या बांधकाम कायद्यात 'वरून मिळाले तरच देऊ' ही अट, वरचा दिवाळखोर झाल्याचा अपवाद सोडून, निष्प्रभ केली. आपल्याकडे ती बिनदिक्कत छापली जाते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले. पण सहा जणांची टोळी त्या कायद्याच्या मर्यादेत येतच नव्हती.

म्हणून मागणी स्पष्ट आहे : वर्क्स कॉन्ट्रॅक्टला 45 दिवसांच्या नियमात आणा आणि 'बॅक टू बॅक' अट रद्द ठरवा.

तोवर आपल्या मुलांनी एवढे करावे. दर भरताना 90 दिवसांचे व्याज आणि रिटेन्शन त्यात धरा. मालासाठी आगाऊ रक्कम मागा. उंची, मोजमाप आणि पैसे देण्याची तारीख ऑर्डरमध्ये लिहून घ्या. वाढीव कामाचा आदेश निदान व्हॉट्सअॅपवर मागा, तो आल्याशिवाय स्टड उभा करू नका. दुसरे बिल थकले की तिसऱ्या मजल्याचा माल चढवू नका. एकाच साइटवरचे उपकंत्राटदार एकमेकांना आपला दर आणि थकबाकी सांगा; आपली लाज हेच त्यांचे भांडवल आहे. आणि आलेल्या पैशातून पहिला वाटा मजुराचा काढा.

हे शेवटचे जमणार नसेल, तर नोकरी देणारे झालो अशी फुशारकी मारू नका. आपण फक्त शिडीची एक पायरी वर चढलो.

जय भीम!