रंगाऱ्याने उभं राहायचं कुठे?

पाऊस सरला की कोल्हापुरात रंगकामाचा सीझन सुरू होतो. दिवाळीच्या आत ताराबाई पार्क, नागाळा पार्कातली अपार्टमेंट चकाचक करायची घाई असते. आपण खाली चहा पीत 'कलर झकास आलाय' म्हणतो. पण वर फळीवर बसून रोलर फिरवणाऱ्याचा दोर कशाला बांधलाय, ते कोण बघतो? बऱ्याचदा गच्चीच्या कठड्याला! आणि कठडा तर अर्ध्या विटेचा.

'पट्टा लावला की झालं' म्हणणाऱ्यांसाठी थोडं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स. 80 किलोचा माणूस 2 मीटर पडला आणि दोराने त्याला 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी 16 किलोन्यूटनच्या वर बल येतं. म्हणजे सोळाशे किलोंचा हिसका! तो ना कठडा सोसेल, ना माणसाची कंबर. म्हणून कमरपट्टा नव्हे, अंगभर हार्नेस हवा, धक्का शोषणारा अॅब्सॉर्बर हवा, आणि कामाच्या दोराशी संबंध नसलेला, वेगळ्या हुकाला बांधलेला दुसरा दोर हवा. शिवाय लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणायची तयारीही हवी, कारण नुसतं लटकून राहणंही जिवावर बेततं.

10 सप्टेंबर 2023 ला ठाण्यात बाळकुमला 40 मजली इमारतीच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग उरकून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली. 7 जण गेले. चार दिवस बातम्या आल्या, मग सगळं शांत.

कायदा नाही असं नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात दुरुस्ती-देखभालही धरली होती, पण दहा किंवा जास्त कामगार असतील तरच. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी संहिता लागू झाली, तरी आकडा दहाचाच. आपल्याकडे इमारतीवर चढतात किती? दोन नाहीतर तीन!

मग जबाबदारी कुणाची? माझ्या मते, ड्रॉइंग काढणाऱ्याची, म्हणजे उद्या आपलीच. आरसीसी चालू असतानाच गच्चीच्या बीममध्ये स्टेनलेस स्टीलचे हुक सोडले, तर एकूण खर्चात तो आकडा दिसणारही नाही. नंतर बसवायचे म्हणजे स्लॅब फोडा, वॉटरप्रूफिंग बिघडवा. बुर्ज खलिफाची काच पुसणारी यंत्रं इमारतीतच बसवलेली आहेत. आपल्याला तेवढं नको, चार हुक पुरेत.

आपण प्रोजेक्टमध्ये एलिव्हेशनला काचा, फिन्स, लूव्हर्स ठोकतो. व्हायवाला सर लोड विचारतात, स्टील विचारतात. 'ही काच पुसणार कोण आणि उभा कुठे राहणार?' हेही एकदा विचारा ना, सर! आणि होस्टेलच्या पुढच्या रंगकामाच्या टेंडरमध्ये रंगाच्या कंपनीबरोबर हुक, हार्नेस आणि दुसरा दोर या तीन ओळी टाका. इंजिनिअरिंग कॉलेजने हे केलं नाही, तर गावात दुसरं कोण करणार?