छतावरचा ओला डाग

स्लॅबवर पिवळट डाग दिसला, की बहुतेक घरांत पहिली आठवण होते ती रंगाऱ्याची. दिवाळी तोंडावर असली तर विचारायलाच नको. पुट्टी भरून, रंगाचे दोन हात मारून डाग झाकला जातो आणि तुळशीचे लग्न लागायच्या आत तो पुन्हा डोके वर काढतो. यात रंगाऱ्याचा दोष नसतो. पाणी थांबलेलेच नसते.

मात्र सर्वांत आधी पाहावे ते विजेकडे. पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेतून पाणी ठिबकत असेल, तर मेन स्विच बंद करावा आणि वायरमनने तपासल्याशिवाय त्या खोलीतली वीज सुरू करू नये. पीओपीचे छत फुगून लोंबू लागले असेल, तर खाली बादली ठेवून फुगवट्याला बारीक भोक पाडावे. साचलेले पाणी वाहून गेले नाही, तर त्याच्या वजनाने सारा भागच कोसळतो.

मग पाण्याचा माग काढायचा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख लिहावी. डाग पावसातच वाढत असेल तर संशय गच्चीवर. बारा महिने वाढत असेल तर वरच्या न्हाणीघरावर किंवा पाइपावर. गळती बरोबर डागाच्या वरच असते असे नाही, पाणी स्लॅबमधून वाट काढत लांबवर उतरते. न्हाणीघराची खात्री करायला मोरीचे तोंड घट्ट बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवतात. त्यासाठी वरच्या शेजाऱ्यांची संमती हवी आणि घोडे अडते ते इथेच! ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे,’ हे उत्तर ठरलेले. भांडत वर जाण्यापेक्षा त्यांना चहाला खाली बोलावून डाग दाखवलेला बरा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते; फ्लॅटमधल्या न्हाणीघर-संडासाची त्या सभासदाने.

हे टाळत राहण्यात खरा धोका स्लॅबच्या सळ्यांना असतो. लोखंडापेक्षा त्याचा गंज दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटला तडे जातात आणि खपल्या सुटतात. लांब काठीने हलकेच ठोकून पाहावे. आवाज बद्द आला तर त्याखालून मुलांचा पलंग, पाळणा त्याच दिवशी हलवावा. सळ्या उघड्या पडल्या असतील तर गवंड्याने वरवर गिलावा थापणे उपयोगाचे नाही. जाणकार इंजिनिअरला दाखवावे.

गळती बंद झाल्यावरही रंगाची घाई नको. स्लॅब वाळायला कित्येक आठवडे लागतात. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले तर अजून थांबायचे. पोकळ गिलावा काढून नवा केला असेल, तर त्यावर किमान सात दिवस पाणी मारून तोही पुरता वाळू द्यावा. पंखा डागाजवळ असेल तर रंगापूर्वी तो उतरवून वरचा हूक पाहून घ्यावा. हूक गंजला असेल तर तो बदलेपर्यंत पंखा टांगू नये.