वाहिन्या वाढल्या, आपला अर्धा तास कुठे?



एक काळ असा होता की इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत रविवारची दुपार राखून ठेवलेली असे. दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक भाषांतले चित्रपट पाळीपाळीने लागत. बंगाली, तमिळ, मल्याळम होता होता मराठीची पाळी आली की जेवणे लवकर उरकली जात आणि शेजारची दोन-चार घरे एका दिवाणखान्यात जमत. मिळणारा वेळ थोडाच होता, पण तो केव्हा मिळणार हे आधी कळत असे. म्हणूनच माणसे जमत.

आज वाहिन्यांना तोटा नाही. डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्या घेऊन डीडी डायरेक्ट प्लस सुरू झाली. महिन्याचे भाडे नसलेली ही छत्रीसेवा २०१४ पासून डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते आणि आता ती चार कोटींहून अधिक घरांत पोचली आहे. २०१६ मध्ये जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी जी १६ शहरे निवडली गेली, त्यांत आपले इंदूरही होते. मार्च २०१९ मध्ये गोव्यासह ११ राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या उपग्रहावरून देशभर दिसू लागल्या. गच्चीवरच्या जुन्या अँटेनाला सिग्नल देणारे बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने गोव्यात ‘वेव्हज’ हे मोबाइलवरचे व्यासपीठही सुरू केले. यंत्रसामग्रीच्या बाबतीत हात आखडता घेतला गेला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

प्रश्न पुढचा आहे. वाहिनी मिळणे आणि वाहिनीवर वेळ मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्यापैकी ज्यांचा दिवस बँकेत आकडे जुळवण्यात जातो, त्यांना हे लवकर कळते. खाते उघडले म्हणजे त्यात शिल्लक आली असे होत नाही.

थोडा हिशेब करू. चोवीस तासांच्या वाहिनीचे आठवड्याला १६८ तास होतात. एखाद्या केंद्राने रोज चार तासांचे नवे कार्यक्रम तयार केले, तरी आठवड्याचे २८ तास भरतात. उरलेले १४० तास पुनःप्रसारणाने किंवा दुसरीकडून आणलेल्या कार्यक्रमांनी भरावे लागतात. पूर्वी एकच वाहिनी होती आणि तिच्यावर साऱ्या देशाचा हक्क होता, तेव्हा ‘वेळ नाही’ हे उत्तर आपण समजून घेतले. आज ते उत्तर चालणार नाही. वेळ भरपूर आहे. तो कोणासाठी आणि कसा आखायचा, हाच मुद्दा आहे.

ही आखणी होते एका तक्त्यावर. दूरदर्शनमध्ये त्याला ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ म्हणतात. कोणत्या वारी, किती वाजता, काय आणि किती मिनिटे, हे त्यात ठरते. बातम्या, शेती, आरोग्य, महिला, बालजगत अशा चौकटी आधी आखल्या जातात आणि मग त्या भरल्या जातात. तक्त्यात चौकट असली की तिच्यासाठी निर्माता नेमावा लागतो, खर्चाची तरतूद करावी लागते, कलाकारांना बोलवावे लागते. चौकटच नसली तर यातले काहीच होत नाही. सरकारी हिशेबात ज्याला लेखाशीर्ष नाही त्याला तरतूदही नसते, तसाच हा प्रकार. एखाद्या सणाला किंवा जयंतीला मिळालेली दहा मिनिटे ही मेहेरबानी असते. तक्त्यातला अर्धा तास हा हक्क असतो.

कायदा काय सांगतो तेही पाहू. प्रसार भारती कायदा १९९० चा असून तो १९९७ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये देशातील विविध प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसे स्थान देणे, तसेच सीमावर्ती भागांतील लोकांची सेवा करणे, ही कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच कलमात प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या भाषांतून प्रादेशिक प्रसारण पोचवण्याचेही म्हटले आहे. आपली अडचण नेमकी इथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख, गुजरातेत ९ लाखांहून अधिक आणि कर्नाटकात २० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. पण भोपाळची वाहिनी हिंदीची, गिरनार गुजरातीची, चंदना कन्नडची, यादगिरी तेलुगूची. गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीला शासकीय कामकाजात स्थान आहे, त्यामुळे तिथे निदान वाटणीची चर्चा तरी होऊ शकते. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथले असूनही ‘त्या राज्याच्या भाषा’ या शब्दांत बसत नाही. तेव्हा आपला आधार ‘विविध संस्कृती व भाषा’ हे कर्तव्य आहे, आणि त्याची आठवण आपणच करून द्यावी लागेल.

कोणी म्हणेल, सह्याद्री वाहिनी इंदुरातही दिसते, मग तक्रार कशाची? सह्याद्रीबद्दल आम्हाला आपुलकीच आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांनी दोन पिढ्या घडवल्या. पण ती वाहिनी आखली जाते महाराष्ट्रासाठी, आणि त्यात गैर काही नाही. तिथली पाणीटंचाई, तिथली मंत्रालये, तिथल्या परीक्षा. घरी मराठी आणि बाहेर माळवी-हिंदी बोलणाऱ्या आपल्या नातवंडांना त्यात स्वतःचे गाव दिसत नाही. ‘आपण मराठी, मग आपण महाराष्ट्रात का नाही?’ असे ती विचारतात. त्याचे उत्तर देणारा कार्यक्रम मुंबईत कसा आखला जाईल?

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. आता सगळे मोबाइलवर हवे तेव्हा पाहता येते, वेळापत्रक धरून कोण बसतो? यात तथ्य आहे. पण मोबाइलवर पाहण्यासाठी आधी कोणीतरी कार्यक्रम तयार केलेला असावा लागतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि दूरदर्शनसारख्या संस्थेत कार्यक्रम तयार होण्याची वाट तक्त्यावरूनच जाते.

आता थोडे स्वतःकडे वळू. उद्या खरोखरच आठवड्याला अर्धा तास मिळाला, तर वर्षाचे २६ तास होतात. ते भरण्याची आपली तयारी आहे का? व्याख्यानमालेला शेवटच्या दिवशी वक्ता शोधणारे आपण, ५२ भाग कुठून आणणार? म्हणून आम्ही सुचवतो की सुरुवात १३ भागांच्या एका तिमाहीने करावी. सामग्रीची वाण नाही. बेळगावजवळ सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला आले, इथलेच झाले आणि माळव्याच्या लोकधुना त्यांच्या गाण्यात आल्या. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, आणि त्यांच्या हाताखाली बडोद्यात विद्यार्थ्यांची पिढी तयार झाली. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, कृष्णराव शंकर पंडित ग्वाल्हेर गायकीचे आधारस्तंभ. इंदिरा संत बेळगावच्या. अहिल्याबाईंचे महेश्वर तर हाकेच्या अंतरावर. शिवाय आपल्या घरांच्या ट्रंकांत पडून असलेली मोडी कागदपत्रे आणि ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांच्या आठवणी आहेतच. त्या टिपायला मात्र उशीर चालणार नाही.

आमच्या मागण्या तीन. पहिली, राज्याच्या दूरदर्शन वाहिनीच्या तक्त्यात आठवड्याला अर्धा तास मराठीसाठी, वार आणि वेळ नक्की करून, राखून ठेवावा. दुसरी, तोच भाग सह्याद्रीवरही दाखवावा, म्हणजे महाराष्ट्रालाही आपली ओळख राहील. तिसरी, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथल्या मंडळांनी आपापल्या राज्यात हीच मागणी एकाच मसुद्याने करावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपण पेढे वाटले. त्या दर्जाचा उपयोग अर्ज करतानाही व्हायला हवा.

मते मागायला येणाऱ्या उमेदवारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, सत्काराच्या शालीबरोबर या मागणीचा कागदही हातात द्यावा. ‘पाहू’ म्हणाले तर तारीख विचारावी.

येत्या मासिक सभेत हा ठराव मांडला जाईल. सभासदांनी येताना प्रत्येकी एका भागाचा विषय आणि त्यावर बोलू शकणाऱ्या एका वडीलधाऱ्यांचे नाव लिहून आणावे. तेरा चिठ्ठ्या जमल्या की आपली पहिली तिमाही तयार झाली असे समजू.