कांद्याची चाळ आणि राखणीचे कुत्रे

बेलापूरच्या परिसरात उन्हाळी कांदा काढून चाळीत भरला म्हणजे पुढे कित्येक महिने शेतकऱ्याच्या कमाईचा मोठा भाग त्या चाळीत पडून असतो. त्याची रात्रीची राखण बहुधा वस्तीवरचे कुत्रे करते. प्रवरेच्या कालव्यांखालील उसाच्या फडात रानडुकरांची चाहूल प्रथम त्यालाच लागते व मेंढरांच्या वाड्याभोवती लांडगा आला तर त्याचाच आवाज आधी उठतो. या सेवेच्या मोबदल्यात त्याला मिळते ते ताटात उरलेले अन्न. ‘कुत्र्याला काय, सारे पचते’ असा समज घरोघर रूढ आहे. तो चुकीचा आहे. ज्या पिकाची राखण कुत्रे करते तेच पीक त्याला विषासमान आहे, ही गोष्ट कांदा पिकविणाऱ्या घरांतही फारशी कोणास ठाऊक नसते.

कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करतात. पेशी फुटतात, रक्त पातळ पडते व जनावर हळूहळू निस्तेज होते. वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास हा अपाय दिसू लागतो. म्हणजे १५ किलो वजनाच्या कुत्र्यास दोन ते चार मध्यम कांदे पुरे होतात. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साचत जातो. कांदा शिजविल्याने, तळल्याने किंवा वाळविल्याने त्यातील दोष जात नाही. लसूण तर वजनास वजन कांद्याहून अधिक तीव्र आहे. ज्या रश्श्यात दोन्ही सढळ हाताने पडतात, त्यात रोज भाकरी कुस्करून घालणे हे प्रेमाचे असले तरी शहाणपणाचे नव्हे.

यात खरी फसगत आहे ती वेळेची. कांदा खाल्ल्याबरोबर कुत्रे आडवे पडत नाही. तीन-चार दिवसांनी ते सुस्त होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, लघवी तांबूस किंवा चहाच्या रंगाची होते. तोपर्यंत काय खाल्ले होते ते घरातील माणसे विसरून गेलेली असतात. मग पान लागले असेल, उन्हाचा तडाखा बसला असेल किंवा कोणी काही घातले असेल, असे तर्क चालतात. ‘आमच्या आजोबांपासून कुत्री रस्साच खात आली’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या कुत्र्यांपैकी किती अशक्त होऊन मेली याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही. अर्थात भाजीतली एखादी फोड पोटात गेली म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही.

भाव कोसळला की सडका व कोंब आलेला कांदा चाळीबाहेर ढिगाने टाकला जातो. तेथे कुत्रे तोंड घालते आणि गाई-बैलही. कांद्याची बाधा गुरांनाही चटकन होते. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने टिकतात. निवडलेला कांदा उघड्यावर न टाकता खड्ड्यात घालून मातीने झाकला तर दोघांचेही रक्षण होते. एवढ्या कामास फार तर एक सकाळ लागते.

द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्याने, याचा नेम नाही. एखाद्या कुत्र्यास थोडक्यातच भोवते. हा दोष त्यांतील टार्टारिक आम्लाचा असावा, असे मत अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली मांडले. आपल्याकडे याचा अर्थ थोडा निराळा लावला पाहिजे, कारण हे आम्ल चिंचेत विपुल असते. उन्हाळ्यात ओसरीवर चिंच फोडण्याचे काम चालते, गूळ घालून तिचे गोळे होतात, आणि गुळाच्या गोडीने कुत्रे तेही गिळते. याखेरीज उकिरड्यावर टाकलेला दूधसाखरेचा चहाचा चोथा, पोरांच्या हातचे चॉकलेट आणि बुरशी धरलेला मका व शेंगदाणा हेही कुत्र्यापासून दूरच ठेवावेत.

उंदरांसाठी भरड्यात तेल व झिंक फॉस्फाईड कालवून केलेले आमिष हे तर अन्नाच्या रूपातले उघड विष होय. ते बिळात खोलवर घालून बीळ बुजवावे, मेलेले उंदीर पुरून टाकावेत, आणि कालविण्याचे भांडे पुन्हा घरात वापरू नये. हे पोटात गेलेल्या कुत्र्यास भाकरी चारू नये. अन्नामुळे जठरात आम्ल वाढते व विषारी वायू अधिक सुटतो. त्याच्या ओकारीतूनही तो वायू निघतो, म्हणून माणसांनी मोकळ्या हवेत राहावे.

पशुगणनेत कुत्र्याची मोजदाद होते, परंतु विस्ताराच्या सल्ल्यात त्याचे नाव क्वचितच येते. दूध देत नाही, औत ओढत नाही, म्हणून ते कोणत्या सदरात घालावे हे कोणास सुचत नसावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कांदा साठवणुकीची माहिती देताना चाळीच्या राखणदाराविषयी दोन वाक्ये बोलावीत, आणि ती घरातील स्त्रियांसमोर बोलावीत, कारण कुत्र्याचे अन्न त्यांच्याच हातून जाते. कांदा-लसूण पडण्यापूर्वी एक वाटी वरण बाजूला काढणे किंवा भाकरी ताकात कुस्करणे यास वेगळा खर्च नाही.

विषबाधेचा संशय येताच मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याची चाल सोडावी. त्या मिठानेही कुत्रे दगावू शकते. तेल पाजण्यातही वेळ दवडू नये. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नये. कुत्र्यास ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. काय खाल्ले, किती व केव्हा, हे सांगता येईल असा घरचा माणूस बरोबर असावा, आणि उरलेले आमिष, पुडी किंवा अन्न असेल तर तेही बांधून न्यावे.