दुधाच्या दातांची उपेक्षा

उपचाराअभावी एचआयव्हीबाधित अर्भकांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच दगावतात. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून या रोगावरील औषधे मोफत मिळू लागली, २००६ च्या अखेरीस बालकांसाठी स्वतंत्र योजना आली, आणि अशी असंख्य मुले शाळेच्या बाकावर जाऊन बसली. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु जीव वाचविला की कर्तव्य संपले, ही समजूत त्या मुलांच्या दातांना भोवत आहे.

दात किडतात ते जंतूंमुळे. क्लार्क या संशोधकाने १९२४ साली किडक्या दातांतून वेगळा केलेला 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' हा त्यांतील प्रमुख. निरोगी मुलांच्या तोंडातही तो असतो. तो साखरेपासून आम्ल तयार करतो, आम्लाने दाताचे कवच झिजते आणि ही झीज रोखण्याचे काम लाळ करते. एचआयव्हीबाधित मुलांत लाळग्रंथी सुजून तोंड कोरडे पडू शकते. प्रतिकारशक्ती क्षीण झाली की जिभेवर बुरशीचा पांढरा थर धरतो. त्यावरील 'निस्टॅटिन'सारखी अनेक औषधे साखरेच्या पाकातच दिली जातात. मग दुखऱ्या दातांमुळे मूल जेवत नाही, आणि ज्याला पोषणाची सर्वाधिक गरज, तेच उपाशी राहते.

दुधाचे दात पडणारच, त्यांची एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हे दात अकाली गेले, तर मागून येणारे कायमचे दात वेडेवाकडे येतात. शिवाय या मुलांना दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचू न देणारी भीती अद्याप ओसरलेली नाही. वस्तुतः प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे बदलणे व हत्यारे निर्जंतुक करणे हा दंतवैद्यकाचा साधा नियम आहे. तो पाळला की वेगळ्या वागणुकीचे कारणच उरत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्यानेही असा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे.

उपाय खर्चिक नाही. औषधासाठी मूल ठरावीक काळाने केंद्रात येतेच. त्याच वेळी त्याचे तोंड तपासावे. औषधानंतर चूळ भरणे आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दोनदा दात घासणे पालकांना समजावावे. कीड दिसताच मुंबई, नागपूर वा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांकडे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यावी. ज्या शासनाने या मुलांना आयुष्य दिले, त्याने त्यांना घास चावण्याचे सुखही द्यावयास हवे.